दुपारच्या सुट्टीतला बंगला

आरामखुर्ची टेम्पोत चढली तेव्हा भाऊसाहेब फाटकात उभे राहून हसत होते, कारण समोर फोटो काढणारा होता. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, पाठोपाठ फोटोवालाही गेला. मग ते घरात आले, बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी गेले आणि सवयीप्रमाणे मागे न बघता बसले. बसले ते थेट फरशीवर. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी नवऱ्याला हात देऊन उठवलं, कुठे लागलंय का ते नीट पाहिलं, आणि काही लागलेलं नाही अशी खात्री झाल्यावर मग तोंड उघडलं.

"कोणी सांगितलं होतं सभेत उभं राहायला?"

सभा होती टेकडीवरच्या बंगल्याविषयी. परक्यांचं राज्य होतं तेव्हा एका बड्या साहेबाने तो स्वतःसाठी बांधून घेतला होता. साहेब गेला, राज्य गेलं, आणि पुढे बरीच वर्षं गावात एकच वाद चालला: बंगला पाडायचा की ठेवायचा. तो वाद इतका रंगला की पाडायचं राहूनच गेलं. शेवटी तिथे गावाचं संग्रहालय करायचं ठरलं आणि ते उभं करायला एक बाई आल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मॅडमनी गावकऱ्यांची सभा घेतली आणि सांगितलं, की साहेबाच्या खोल्या तर आपण मांडूच, पण ज्यांच्या जिवावर साहेबाचा कारभार चालला त्या साध्या कारकुनाचं घर कसं असायचं, हे दाखवणारी खोलीही मला त्याच बंगल्यात, त्याच थाटात मांडायची आहे. त्यासाठी वस्तू हव्यात.

भाऊसाहेब निवृत्त हेडक्लार्क. नोकरीभर त्यांनी साहेब लोकांच्या भाषणांचे मसुदे तयार केले. भाषण करायची पाळी कधी आली नव्हती. त्या दिवशी माइक फिरत फिरत त्यांच्यापाशी आला. एक वाक्य बोलून बसायचं असं ठरवून ते उठले, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घोळ झाला. माझ्या घरातली, तुम्हाला आवडेल ती कुठलीही वस्तू उचलून न्या, मी हूं की चूं करणार नाही, असं ते भर सभेत बोलून बसले. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रातही आलं.

मॅडम घरी आल्या तेव्हा भाऊसाहेबांनी त्यांना आधी लोखंडी कपाट दाखवलं. मग बंद पडलेलं घड्याळ, मग फ्रेम केलेलं निरोपाचं मानपत्र. मॅडम प्रत्येक वस्तूचं कौतुक करत होत्या आणि पुढे सरकत होत्या. खिडकीपाशी येऊन त्या थांबल्या. लांब हातांची, वेताने विणलेली, वापरून वापरून हात काळेभोर तुळतुळीत झालेली आरामखुर्ची तिथे होती. भाऊसाहेबांच्या वडिलांनी ती कचेरीच्या लिलावात घेतली होती, वडिलांच्या माघारी ती भाऊसाहेबांची झाली, आणि निवृत्तीपासून तर ते रोज दुपारी तिच्यात झोपत होते. मॅडमनी वाकून वेताची वीण पाहिली, हातावरून बोट फिरवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "ही."

त्यांचा आवाज असा होता, की नाही म्हणणाऱ्या माणसाला स्वतःचीच लाज वाटावी. भाऊसाहेबांनी हूं केलं नाही की चूं केलं नाही.

खरं संकट सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. भाऊसाहेब पलंगावर आडवे झाले, झोप आली नाही. सोफ्यावर बसून पाहिलं, मान अवघडली. गच्चीवरच्या घडीच्या खुर्चीने तर त्यांना अर्ध्यातच मिटून घेतलं. आठवडा उलटला तरी डोळ्याला डोळा लागेना, आणि दुपारी न झोपलेला निवृत्त माणूस घरात काय काय करू शकतो, ते काकूंना कळू लागलं. त्याने फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले. त्याने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. गॅस किती मोठा ठेवावा याविषयी त्याने काही सूचना केल्या. इतकी वर्षं दुपारचा तो तास काकूंचा स्वतःचा होता. म्हणजे त्या तासात त्या इस्त्री करत, धान्य निवडत, आणि मध्ये कोणी बोलत नसे. आता तोही गेला.

"तुमची ती खुर्ची परत मागून आणा, नाहीतर मला तरी कुठेतरी ठेवून या," एके दुपारी काकू म्हणाल्या.

परत मागणं शक्य नव्हतं. सभा होती, वर्तमानपत्र होतं, भाऊसाहेबांची अब्रू होती. शिवाय संग्रहालयात एकदा दाखल झालेली वस्तू पुन्हा घरी जात नाही हा तिथला नियम, आणि भाऊसाहेबांनी नोकरीत बाकी काही केलं असेल-नसेल, नियम मोडला नव्हता. पण बघायला जायला नियमाची हरकत नव्हती. ते छत्री घेऊन टेकडी चढले.

गावातल्या बहुतेकांप्रमाणे त्यांनी तो बंगला जन्मभर खालूनच पाहिला होता. फाटकातून आत शिरताच ते छत्री मिटायची विसरले. चारही अंगांनी रुंद व्हरांडा, त्याला पांढरे शुभ्र खांब, आणि आत अशी उंच छतं की माणसाचा आवाज आपोआप खाली येत होता. पायाखाली काळ्या-पांढऱ्या फरश्यांचा पट. जिन्याच्या वळणावर रंगीत काचांची खिडकी, आणि तिच्यातून आलेला लाल-निळा उजेड पायऱ्यांवर सांडलेला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा होता. दुपारी उन्हाकडच्या झडपा बंद आणि सावलीकडच्या उघड्या ठेवल्या की घर आपोआप वारा ओढून घेतं, हे मॅडमनी जुने नकाशे पाहून शोधून काढलं होतं आणि रोज त्या स्वतः फिरून झडपा लावत-उघडत. बांधून घेणारा साहेब मोठा दुष्ट होता असं पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं. त्याचं नाव दर्शनी भिंतीत कोरलेलं होतं. ज्या सुतारांनी जिन्याचा कठडा घडवला त्यांचं नाव कुठेच नव्हतं. म्हणून मॅडमनी कठड्यापाशी पाटी लावली होती: हात फिरवून पाहा, एकही सांधा लागणार नाही. भाऊसाहेबांनी हात फिरवला. खरोखरच लागला नाही. असलं काम आपल्याच माणसांच्या हातचं आहे म्हटल्यावर त्यांची छाती विनाकारण फुगली.

वरच्या मजल्यावर मागच्या बाजूला कारकुनाची खोली होती, आणि त्या खोलीत, खिडकीच्या बरोबर समोर, त्यांची खुर्ची. मॅडमनी तिला तेलपाणी केलं होतं. बागेतून वारा सरळ तिच्यावर येत होता. अशी जागा तिला भाऊसाहेबांच्या घरात कधी मिळाली नव्हती. भोवती लाल दोरी होती आणि दोरीला पाटी होती: बसू नये. भाऊसाहेब दोरीपाशी बराच वेळ उभे राहिले. लेक चांगल्या घरी पडल्याचा आनंद होतो आणि पोटात तुटतंही, तसं काहीसं त्यांचं झालं.

मग ते रोज जाऊ लागले. तिकीट काढायचं, सरळ मागच्या खोलीत जायचं, उभं राहायचं आणि परत यायचं. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याला आधी संशय आला. झुबकेदार मिशांचा, बोलायला तुटक असा तो माणूस त्यांच्या मागे मागे फिरू लागला. शेवटी त्याने मॅडमना जाऊन सांगितलं, की एक म्हातारा रोज येतो, एकाच वस्तूकडे टक लावून बघतो आणि जाताना उसासा टाकतो. लक्षण बरं नाही. मॅडम स्वतः वर आल्या. त्यांनी भाऊसाहेबांना ओळखलं आणि त्यांचे डोळे भरून आले. इतिहासाचं इतकं वेड असलेला माणूस त्यांनी या गावात पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी तिथल्या तिथे विचारलं, की आलेल्या लोकांना बंगला दाखवायचं काम कराल का? पगार नाही, पण छातीला बिल्ला मिळेल.

बिल्ला मिळाला. त्याबरोबर वाचायला कागदांचा गठ्ठाही मिळाला. भाऊसाहेब खुर्चीसाठी आले होते, पण खोटं काम त्यांना जमत नसे. त्यांनी सगळं पाठ केलं, आणि पाठ करता करता त्यांना बंगला आवडू लागला. कुठल्या खोलीत उजेड कधी येतो, कुठली खिडकी कुरकुरते, जेवणघरातल्या आरशात बाग कुठून दिसते, हे ते लोकांना असं सांगू लागले जणू नकाशा त्यांनीच काढला होता. घरी आले की काकूंनाही सांगत. काकू ऐकत, हो हो म्हणत आणि मनातल्या मनात मॅडमचे आभार मानत, कारण डब्यांच्या चिठ्ठ्या आता निघाल्या होत्या.

झोप मात्र अजून यायची होती.

दुपारी संग्रहालयाला जेवणाची सुट्टी असे. मोठं दार बंद व्हायचं आणि माणसं पांगायची. एका दुपारी भाऊसाहेब घरी गेलेच नाहीत. ते वर गेले, इकडेतिकडे पाहिलं, चपला काढल्या आणि दोरी ओलांडली. कचेरीतली पेन्सिलसुद्धा ज्याने कधी घरी आणली नाही, त्या माणसाने दोरी ओलांडताना पाटीकडे बघायचं टाळलं. पण पाठ वेताला टेकली, बागेतला वारा तोंडावर आला, आणि पुढचं त्यांना काही आठवत नाही.

दोन-तीन दुपारी अशा स्वर्गात गेल्या. मग एकदा त्यांना लवकर जाग आली ती घोरण्याच्या आवाजाने. आपल्याच घोरण्याने जाग येते हे त्यांना काकूंकडून ठाऊक होतं, पण जाग आल्यावरही घोरणं चालूच होतं. आवाजाच्या मागोव्याने ते साहेबाच्या शयनगृहात गेले. नक्षीदार खांबांच्या त्या भव्य पलंगावर पहारेकरी पसरला होता. बूट पलंगाखाली जोडीने ठेवलेले, टोपी खांबाला टांगलेली, आणि चेहऱ्यावर असं समाधान की स्वतः साहेबालाही ते कधी लाभलं नसेल. भाऊसाहेब पाऊल न वाजवता मागे फिरले. शेजारच्या स्नानगृहात डोकावले, तर पितळी पायांच्या कोरड्या टबात बागेचा माळी. टबाचा गारवा पाठीला फार बरा वाटतो असं त्याने नंतर सांगितलं.

हे मॅडमच्या कानावर घालणं नियमाला धरून झालं असतं. तसं ठरवून भाऊसाहेब जिना उतरले. खाली जेवणघराचं दार किंचित उघडं होतं. आत, त्या लांबलचक मेजाच्या टोकाला, साहेबाच्या उंच पाठीच्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या. समोर पंचा अंथरून त्यावर स्वतःचा डबा उघडलेला. त्या हळूहळू जेवत होत्या आणि मध्येच मान वर करून आरशातली बाग बघत होत्या.

दोघांची नजरानजर झाली. मॅडमचा घास हातातच राहिला.

"बाहेर फायलींच्या गठ्ठ्यावर डबा ठेवून जेवायचे मी," त्या म्हणाल्या. "एकदा वाटलं, एवढं सुंदर घर, कोणीतरी यात जेवायला नको का?"

भाऊसाहेबांनी विचार केला. त्यांना मॅडमचं बोलणं पटलं, आणि न पटून सांगणार कोणाला? मग ते आपल्या स्वभावाला जागले. ते म्हणाले, की जे चाललंय ते चालू द्यावं, पण त्याला काही पद्धत असावी. त्या दिवसापासून बंगल्यातली चोरी शिस्तीत सुरू झाली. चादर आपली आपण आणायची. चपला-बूट दाराबाहेर काढायचे. ओला हात कशाला लावायचा नाही. उठल्यावर वस्तू पुसून, दोरी पूर्वीसारखी लावून मगच खाली यायचं, आणि पलंगावर मिशांचं तेल लागलेलं चालणार नाही. पहारेकरी तेवढा थोडा कुरकुरला. पण गंमत अशी, की त्यानंतर बंगला जितका चकचकीत राहू लागला तितका आधी कधी राहिला नव्हता. माणूस ज्या पलंगावर झोपतो त्यावरची धूळ त्याला जास्त दिसते.

असं सगळं सुरळीत चाललं असताना वरून पत्र आलं, की संग्रहालयाची तपासणी करायला समिती येणार. समितीच्या अध्यक्षांचा लौकिक मोठा होता. ते जिथे जात ते संग्रहालय बंद पडून तिथे सरकारी गोदाम होत असे, आणि वस्तू कुठल्यातरी दूरच्या कोठारात जात. मॅडमचा चेहरा उतरला. भाऊसाहेबांच्या डोळ्यांसमोर अंधाऱ्या कोठारात उलटी टांगलेली खुर्ची आली. तपासणीच्या दिवशी सकाळपासून सगळ्यांनी बंगला घासूनपुसून काढला. समिती संध्याकाळी यायची होती. दमलेली माणसं दुपारच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे आपापल्या जागी गेली.

समिती दुपारीच आली. न सांगता लवकर जायचं, ही अध्यक्षांची पद्धत होती. मोठं दार बंद दिसलं तेव्हा ते मागच्या फाटकाने शिरले. ते फाटक लावणं हे माळ्याचं काम होतं आणि माळी टबात होता.

जेवणघरात पावलं वाजली तेव्हा मॅडमच्या तोंडात घास होता. दारात अध्यक्ष, त्यांच्यामागे समिती, सगळ्यांच्या हातात कागद. अशा वेळी भलेभले उठून उभे राहतात आणि तिथेच फसतात. मॅडम उठल्या नाहीत. त्यांनी घास शांतपणे चावून गिळला, ओठ टिपले आणि म्हणाल्या, "या. तुम्ही अगदी वेळेवर आलात. दुपारी आम्ही जिवंत देखावा करतो. राहतं घर कसं दिसायचं, ते आत्ताच बघायला मिळतं."

अध्यक्षांनी फक्त जिन्याकडे हात केला. मॅडम पुढे निघाल्या. वर कोणत्या खोलीत काय दिसणार हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच जिवंत देखावा हे शब्द त्यांनी चढता चढता चार वेळा मोठ्याने उच्चारले. पहारेकऱ्याला ते ऐकू आले. त्याला त्यांचा अर्थ कळला की नाही देव जाणे, पण हलायचं नाही एवढं कळलं.

अध्यक्ष पलंगापाशी थांबले. पहारेकऱ्याच्या मिशा किंचित थरथरत होत्या.

"साहेबाच्या पलंगावर पहारेकऱ्याचे कपडे कसे?"

"साहेब दौऱ्यावर गेला की पलंगावर कोण झोपायचं," मॅडम म्हणाल्या, "हा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. आम्ही दाखवतोय."

अध्यक्षांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. ते हसू आहे हे समितीला कळायला वेळ लागला, कारण त्यांनी ते यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. टबातला माळी बघून दुसरा कोपराही वर गेला. माळ्याने प्रसंग ओळखून खुरपं छातीशी धरलं होतं आणि श्वासही रोखून धरला होता, त्यामुळे मॅडमनी समितीला तिथून जरा लवकर हलवलं.

कारकुनाच्या खोलीत मात्र अभिनय नव्हता. जिवंत देखाव्याची बातमी भाऊसाहेबांपर्यंत पोहोचलीच नव्हती. मान एका बाजूला, तोंड उघडं, एक पाय खुर्चीच्या लांब हातावर टाकलेला, पोटावर हातांची जुडी, आणि घोरणं असं की खिडकीची झडप त्याला साथ देत होती. वाऱ्याने पांढरे केस हलत होते. समिती दोरीपाशी गोळा झाली. अध्यक्ष पुढे झुकून बराच वेळ बघत राहिले, आणि मग देवळात बोलावं इतक्या हळू म्हणाले, "अप्रतिम. यांचं प्रशिक्षण कुठे झालं?"

"कचेरीत," मॅडम म्हणाल्या.

बंगला वाचला. एवढंच नव्हे, तर अध्यक्षांनी लिहिलं की अशी जागा त्यांनी आजवर पाहिली नाही. इतरत्र वस्तू जपतात, इथे घर जपलंय. ते वाचताना मॅडमना रडू आवरलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते रडू अगदी रास्त होतं, कारण त्या घरावर त्यांच्याइतकी माया कोणीच केली नव्हती. फक्त खाली दोन सूचना होत्या. पहिली, हा देखावा सुट्टीत न करता रोज दुपारी सर्व लोकांसाठी खुला करावा. दुसरी अध्यक्षांनी जाता जाता तोंडीही सांगितली होती. कारकुनाच्या घरात बाई कुठे दिसली नाही. मग हा गृहस्थ एवढा निवांत झोपलाय तो कोणाच्या भरवशावर?

दुसऱ्या दिवशी मॅडम भाऊसाहेबांबरोबर त्यांच्या घरी आल्या. भाऊसाहेब भलतेच खुशीत होते. खुर्ची कोठारात जाणार नव्हती. उलट आता तिच्यात झोपणं हे त्यांचं रीतसर काम होणार होतं; नियम आणि झोप यांची अशी गाठ जन्मात पहिल्यांदाच पडत होती. मॅडमनी काकूंना सगळं समजावून सांगितलं. दुपारी तासभर यायचं, भाऊसाहेब खुर्चीत झोपतील, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी बसून, घरी दुपारी जे करता ते करायचं.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे धान्य निवडायचं."

"हो. तसंच काही."

"ते मी घरी निवडतेच. त्यासाठी टेकडी कशाला चढू?" काकूंनी पदराला हात पुसले. "येईन मी. पण खुर्चीत मी बसणार."

भाऊसाहेब आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाकी कोणी हसत नाहीये. "अगं, पण ती माझी खुर्ची आहे."

"होती. भर सभेत देऊन टाकलीत ना? आता ती सगळ्या गावाची. मी काय गावाबाहेरची आहे?"

भाऊसाहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग ते वेगळ्याच वाटेने गेले. त्यांनी विचारलं, की इतकी वर्षं खुर्ची घरातच होती, तेव्हा तर तू तिच्यात कधी बसली नाहीस.

"रिकामी कधी होती?" काकू म्हणाल्या.

त्या रागाने बोलल्या नाहीत. नुसती माहिती दिल्यासारखं बोलल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. भाऊसाहेब खिडकीपाशी, जिथे खुर्ची असायची त्या जागेकडे बघत राहिले. वडील होते तोवर वडील बसत. मग ते स्वतः. ते कचेरीत असताना तरी ती रिकामी असेल, असं त्यांना वाटलं. पण मग आठवलं, की तेव्हा तिच्यावर इस्त्रीचे कपडे असत. त्यांचेच.

पहिल्या दुपारी काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. जिना चढताना त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, सांधा लागला नाही तेव्हा पुन्हा एकदा फिरवला, आणि एवढं सगळं नवऱ्याने सांगितलं ते खरंच होतं म्हणून त्याच्याकडे जरा कौतुकाने पाहिलं. खुर्चीत मात्र त्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या कडेला टेकल्या. भाऊसाहेबांनाच पुढे व्हावं लागलं.

"मागे टेक. अजून मागे. हात असे लांब सोड. आणि पाय वर घे, कोणी काही म्हणत नाही."

"पडेन मी."

"नाही पडत. मी आहे ना इथे."

मॅडमनी सावलीकडच्या झडपा उघडल्या. बागेतला वारा खोलीत आला. लोक वर येईपर्यंत जरा डोळे मिटते, असं काकू म्हणाल्या. लोक आले तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलली होती आणि पोटावर हात मोकळे पडले होते. त्या हातांना काही काम नव्हतं.

दोरीच्या आत, खुर्चीच्या पायाशी, चौरंगावर भाऊसाहेब ताट घेऊन तांदूळ निवडत होते. देखावा पुरा करायला कोणीतरी ते करणं भागच होतं. त्यांना खडा चटकन दिसत नव्हता, आणि कंबर तर पहिल्या दहा मिनिटांतच बोलू लागली होती. रोज हे कसं काय होत असे, हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच पडला.

लोक दोरीपाशी उभे राहून बघत होते. त्यांतले एक चष्मेवाले गृहस्थ, बहुधा कुठेतरी शिकवणारे, कारकुनाच्या खोलीची पाटी वाचून, पुन्हा खुर्चीकडे बघून नाराज झाले.

"हे चुकीचं दाखवलंय तुम्ही," ते म्हणाले. "त्या काळी असं नसायचं."

भाऊसाहेबांनी ताटातला एक खडा शोधून बाजूला काढला.

"नसायचं," ते म्हणाले. "जरा हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."